पायाखालचं नाव

इल्झे आजी आमच्या घरी पहिल्यांदा आली ती भांडायला. चँडलरमध्ये घर घेऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. रविवारची सकाळ होती आणि मिलिंद नवाकोरा लीफ ब्लोअर घेऊन अंगणातल्या खडीवरचा पाला उडवत होता. माझ्या नवऱ्याला यंत्र चालवण्यात जेवढा आनंद असतो तेवढा त्या यंत्राचा उपयोग कधीच नसतो. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक म्हातारी झपाझप चालत आली. बुटकी, ताठ, केस कानापाशी सरळ कापलेले, आणि पायांत पॉलिश केलेले चामडी बूट. ॲरिझोनात, भर जुलै महिन्यात, जिथे लोक लग्नालासुद्धा सपाता घालून जातात.

"रविवारी नाही," ती म्हणाली.

मिलिंदने यंत्र बंद केलं. "सॉरी?"

"रविवारी आवाजाची यंत्रं चालवायची नाहीत. बाकीचे सहा दिवस तुझेच आहेत."

मिलिंदने त्याच्या ऑफिसातल्या गोड आवाजात सांगितलं, की सोसायटीच्या नियमांत असं काही लिहिलेलं नाही, त्याने वाचलेत. "लिहिलेलं असतं तर मला एवढ्या उन्हात चालत यावं लागलं नसतं," ती म्हणाली आणि आली तशी परत गेली. मिलिंद घरात येऊन म्हणाला, "कोण यार ही? वीकेंडला एक तर दिवस मिळतो." पण ब्लोअर त्याने गॅरेजमध्ये ठेवला, आणि पुढे सहा वर्षं तो कधी रविवारी बाहेर निघाला नाही. इल्झे आजी आता नाही. तरीही तो रविवारी निघत नाही.

'इल्झे आजी' हे नाव माझ्या मुलीने, ईराने दिलं. तिला भारतातल्या दोन आज्या फोनच्या पडद्यावर होत्या, ही एक हाताला लागेल अशी मिळाली. इल्झे आजीने 'आजी'चा अर्थ विचारून घेतला, दोनदा म्हणून बघितला आणि मान्य केला. तेव्हा ती ऐंशीच्या आसपास होती. फिनिक्सच्या आसपास कुठे कुठे तिने वीस-बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरा फ्रँक मुळातला ॲरिझोनाचाच, कालव्यांच्या खात्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी डेबी ओरेगॉनमध्ये. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि इल्झे आजी तो उभ्याने, येरझाऱ्या घालत घ्यायची.

येरझाऱ्या हा तिचा स्थायीभाव होता. आमच्याकडे पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ बघितली मी, पण ती निदान कुठेतरी जातात तरी. ही घरातल्या घरात, स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत आणि परत. संध्याकाळी ऊन उतरलं की कॅनॉलच्या कडेने. खुर्चीत बसली तरी अगदी काठावर, दोन्ही बूट जमिनीला टेकवून. चालताना ती मोजायची, आणि ते जर्मनमध्ये. रागवायची इंग्रजीत, मोजायची जर्मनमध्ये. बसमधून उतरणारी पोरं मोजायची सवय, ती म्हणायची. कुणाला मोजतेस आता, असं मी एकदा विचारलं. "कुणी कमी तर नाही ना, बघते," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

जर्मनीशी तिचा अबोला होता. पाच वर्षांची असताना आईबरोबर बोटीत बसून ती अमेरिकेत आली. ज्यू होते म्हणून गाव सोडावं लागलेलं. आईला दमा, म्हणून कोरड्या हवेसाठी दोघी न्यूयॉर्कहून ॲरिझोनात आल्या. त्यानंतर जर्मनीला ती एकदाही गेली नाही. डेबीने तिकिटं काढायची तयारी दाखवली, फ्रँकने दाखवली होती, ही ढिम्म. पण तिच्या घरात पाऊल टाकलं की सगळं जर्मनच. पहाटे उठून घरातल्या एकूण एक खिडक्या सताड उघडायच्या. एकशे दहा डिग्री फॅरनहाइटचा दिवस उगवणार असला तरी उघडायच्या. रात्रभर माणसांनी सोडलेली हवा बाहेर गेली पाहिजे. आमच्याकडे आली आणि घर एसीमुळे बंद दिसलं की म्हणायची, "आधी खिडकी, मग बोलणं." मिलिंद विजेच्या बिलाकडे बघायचा.

दुपारी चारला कॉफी आणि केक. चार म्हणजे चार. पावाची सुरी वेगळी, केकची वेगळी. शुक्रवारी सूर्य मावळताना खिडकीशी दोन मेणबत्त्या लावून अर्धवट आठवणारी हिब्रू प्रार्थना पुटपुटायची आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची. "देवाचं आणि माझं फारसं जमत नाही," असं तिनेच मला सांगितलं होतं. "पण माझ्या आईचा शुक्रवार चुकलेला नाही, तो मी का चुकवू?" माझी आई मिरजेहून आली तेव्हा तिला हे फार आवडलं. दिवेलागणीला दिवा लावणारी बाई म्हणजे घरंदाज, एवढा साधा हिशेब आईचा. दोघींची गट्टी जमली ती तिथे.

तिच्या नियमांत आम्ही सर्वांत वाईट तोंडघशी पडलो ते तिच्या वाढदिवसाला. वाढदिवस मंगळवारी होता. आता आम्ही इथली मराठी माणसं. आमचा गणपती शनिवारी बसतो, दिवाळी सोयीच्या शनिवारी होते, मुलांचे वाढदिवस तर हॉल मिळेल त्या शनिवारी. पंचांगापेक्षा आमचा ऑफिसच्या कॅलेंडरवर जास्त विश्वास. तर आम्ही आपले आधीच्या शनिवारी केक, फुगे आणि गल्लीतली आठ-दहा माणसं घेऊन तिच्या दारात. मिलिंदने सूर लावून गायला सुरुवात केली. इल्झे आजीने दार उघडलं, केक बघितला, आणि तिचा चेहरा उतरला. राग नव्हता तो, घाबरली होती.

"आज नाही," ती म्हणाली. "मंगळवारी या."

"आजी, मंगळवारी सगळ्यांना ऑफिस असतं," मी म्हटलं.

"मग पुढच्या शनिवारी या. नंतर चालेल. आधी कधीही नाही. मी अजून त्या वयाची झालेली नाही. मध्ये दिवस आहेत. काहीही होऊ शकतं."

फुगे आमच्या घरी परत आले. केक तिने घेतला आणि फ्रीझरमध्ये टाकला. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येते तो दारात उभी, हातात तोच केक, चेहरा फुललेला. "आता गा," म्हणाली. जर्मनीत आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात, हे मला तिने तेव्हा सांगितलं. मी तिला चिडवलं, की इतकं सगळं सोडून आलीस, हेही सोडायचंस. "हे सामानात नव्हतं, नाहीतर तेही त्यांनी काढून घेतलं असतं," ती म्हणाली.

पण मला सांगायचंय ते तिच्या बुटांविषयी, आणि तिच्या वडिलांविषयी.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी गणपतीला आम्ही तिला बोलावलं. घरात चाळीस माणसं, आरती चाललेली, टाळ, झांजा, आणि दाराबाहेर आपल्याकडे असतो तसा चपला-बुटांचा ढीग. आरती संपली, प्रसाद वाटायला घेतला तर इल्झे आजी कुठेच नाही. बाहेर जाऊन बघते तर ती पायरीवर उकिडवी बसून तो ढीग निवडत होती. जोडी जुळवायची, धूळ झटकायची, आणि टाचा दाराकडे, बोटं रस्त्याकडे अशी ठेवायची, म्हणजे माणूस बाहेर पडला की पाय सरळ आत. मोठ्यांच्या एका रांगेत, मुलांच्या दुसऱ्या. वयाने एवढी मोठी बाई, आमच्या घरी पाहुणी आलेली, आणि आमच्या चपलांना हात लावतेय. नागपूरच्या शुभाकाकू धावत आल्या. "आजी, प्लीज, डोन्ट टच, डोन्ट टच. इट इज व्हेरी बॅड फॉर अस."

"का? घाण आहेत म्हणून?"

"नाही, म्हणजे, तुम्ही मोठ्या आहात. चपलांना हात लावणं म्हणजे कमीपणा."

इल्झे आजीने हातातली सॅंडल उलटी करून तळ बघितला आणि जोडीला लावून ठेवली. "माझ्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं," ती म्हणाली. "हा कमीपणा असेल तर मी कमीपणावरच वाढले." आणि मग तिथेच पायरीवर बसून, जोड्या लावता लावता, तिने ती गोष्ट सांगितली. आत आमची मुलं मोदकांवरून भांडत होती.

दुकान गावच्या मुख्य रस्त्यावर. वर घर, खाली दुकान. तिचे आजोबा पहिल्या महायुद्धात कैसरकडून लढले होते आणि त्यांचं पदक दुकानात काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. वडिलांना वाटायचं, हे पदक भिंतीवर आहे तोवर आपल्याला कोण हात लावतंय. मग अडतीस सालच्या नोव्हेंबरची ती रात्र आली. देशभर ज्यूंची देवळं जाळली, दुकानं फोडली. यांचंही फोडलं. फोडणारे बाहेरचे होते, पण बूट रस्त्यावर पडले तेव्हा उचलून नेणारे गावातलेच. सकाळी वडील खाली गेले आणि काचांच्या खचात बसून, उरलेले बूट जोड्यांनी लावायला लागले. तिने हे जिन्यातून बघितलं, की आईने इतक्यांदा सांगितलं की बघितल्यासारखं वाटतं, ते तिला नक्की सांगता येत नव्हतं.

"दोन दिवसांनी मागच्या दाराशी एक बाई आली," ती म्हणाली. "शेजारचीच. पिशवीत एक डावा बूट. अंधारात घाईत उचललेला. म्हणाली, याचा उजवा तुमच्याकडे राहिलाय का?"

शुभाकाकू प्रसादाची वाटी हातात धरून तशाच उभ्या. "मग?"

"मग काय. वडिलांनी शोधून दिला. आई त्यांच्यावर महिनाभर रागावली होती. ते म्हणाले, एका बुटाचं ती काय करणार, आणि एका बुटाचं मी तरी काय करणार?"

त्या दिवसापासून आमच्याकडे कार्यक्रम असला की चपलांची व्यवस्था इल्झे आजीकडे. तिला कुणी अडवलं नाही. मिलिंद तर तेवढ्यासाठी आपले चांगले बूट मुद्दाम त्या ढिगात नेऊन ठेवायचा.

वडील अमेरिकेला आले नाहीत. त्यांच्या म्हाताऱ्या आईचे कागद झाले नव्हते. बायकोला आणि मुलीला पुढे पाठवून ते आईसाठी थांबले. म्हातारी त्याच हिवाळ्यात घरातच वारली, पण तोवर वाटा बंद झाल्या होत्या. पुढे एके दिवशी गावातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना गाडीत घालून पूर्वेकडे नेलं, त्यांत ते होते. एवढंच कळलं. त्या म्हातारीची कबर गावात आहे. वडिलांची कुठेच नाही.

हे सगळं ती चालताना सांगायची, कॅनॉलच्या कडेने, माझ्या दोन पावलं पुढे. मला धाप लागायची.

आई दुसऱ्यांदा सहा महिन्यांसाठी आली होती, त्या वर्षी जर्मनीहून मेल आला. त्या गावातल्या शाळेचा एक शिक्षक आणि त्याचा वर्ग गावातल्या जुन्या ज्यू घरांचा शोध घेत होता. त्यांना इल्झे आजीच्या वडिलांचं दुकान सापडलं होतं. तिकडे एक रीत आहे. जिथून माणसाला नेलं, त्या घरासमोर फुटपाथमध्ये हाताच्या पंजाएवढा एक दगड बसवतात. वर पितळेचा पत्रा, त्यावर नाव, जन्म, कधी नेलं, कुठे मारलं. जर्मनीभर असे दगड आहेत. चालणाऱ्याला ते दिसावेत, त्याने थबकावं, वाचावं, ही कल्पना. शिक्षकाने अदबीने लिहिलं होतं, की त्या घरातल्या तुम्ही एकट्याच उरला आहात. तुम्ही हो म्हणालात तरच बसवू. वसंतात दगड घडवणारा माणूस गावात येणार आहे, त्याआधी कळवावं.

झालं. इल्झे आजीच्या पायांना आधीच भिंगरी, आता तिला वादळ मिळालं. सकाळी हो, दुपारी नाही, रात्री डेबीशी भांडण. टपाल टाकणाऱ्या माणसालाही तिने मत विचारलं. ऐंशी वर्षं जी माणसं गप्प बसली त्यांच्या नातवंडांना आज फुलं वाहायचीत, असं म्हणायची. पाच मिनिटांनी म्हणायची, पण ही पोरं कुठे होती तेव्हा, त्यांचा काय दोष. फिरायला निघाली की अर्ध्या वाटेवरून परत. खिडक्या उघडल्या की लावायची विसरायची. मला ती आजारी पडेल अशी भीती वाटायला लागली.

एका दुपारी चार वाजता ती आमच्याकडे आली तेव्हा तिने जवळजवळ ठरवलं होतं. हो म्हणायचं. प्लमचा केक आणला होता, आईने शंकरपाळी काढली. इल्झे आजीने टॅबलेटवर आईला फोटो दाखवले, त्याच गावात आधी बसवलेल्या दगडांचे. ओल्या रस्त्यात चमकणारे पिवळे चौकोन आणि बाजूने जाणारे पाय. आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि तिचा हात झटकन मागे आला.

"अगं बाई, रस्त्यात? मेलेल्या माणसाचं नाव, आणि लोक वर पाय देणार?" मग इल्झे आजीकडे वळून, तिच्या येत होत्या त्या इंग्रजीत, "नो, नो. फादर नेम. फूट, नो. सिन."

आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा. आईच्या हाडात भिनलेलं ते. तिने काही विचार करून म्हटलं नव्हतं. मी सारवासारव करायला गेले, पण इल्झे आजीला सगळं समजलं होतं. तिने टॅबलेट मिटला. "तुझी आई बरोबर बोलते," ती म्हणाली. "मी दोन आठवडे स्वतःला हेच सांगतेय. बुटांनी एकदा तुडवलं त्यांना. आता रोज तुडवू दे, म्हणून मी सही करू?" केक न खाता ती निघून गेली. त्याच संध्याकाळी तिने शिक्षकाला नकार कळवला. शिक्षकाचं उत्तर आलं, की तुमचा निर्णय मान्य आहे, महिनाअखेरीपर्यंत मन बदललं तर जागा राखून ठेवतो.

आईला आधी बरंच वाटलं. वेळेवर सांगितलं म्हणून. मग जेवताना तिने मला विचारलं, "मग दुसरीकडे कुठे लावणार नाव त्यांचं?"

"कुठेच नाही, आई."

"म्हणजे देवळात, कबरीवर, कुठेतरी असेल ना?"

"कबरच नाही त्यांची. हा दगडच होता काय तो."

आईचा घास हातातच राहिला. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात दोन येरझाऱ्या चालू होत्या, एक शेजारी आणि एक आमच्या हॉलमध्ये. ईराने मला येऊन सांगितलं, "मॉम, आजी इज डुइंग द इल्झे आजी थिंग." तिसऱ्या दिवशी सकाळी आई चहा टाकून माझ्यासमोर येऊन बसली.

"तुझ्या बाबांच्या नावाची फरशी बसवली ना गं आपण दत्ताच्या देवळात?"

बसवली होती. बाबा गेल्यावर देवळाच्या मंडपाचं काम निघालं, तेव्हा आईने एक संगमरवरी फरशी दिली, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी. आपल्याकडे कुठल्याही देवळात खाली बघितलं तर पावलोपावली कुणाचे तरी वडील, कुणाची तरी आई. त्यावरूनच प्रदक्षिणा घालायची. आईने ती जागा स्वतः निवडली होती, गाभाऱ्यासमोर, गर्दीची. जास्तीत जास्त भक्तांचे पाय लागावेत, तेवढं पुण्य. आणि त्याच बाईने इल्झे आजीला पाप म्हणून सांगितलं. माणसाच्या डोक्यात दोन कप्पे असतात आणि त्यांची ओळख कधी कधी जन्मभर होत नाही. आईची त्या दिवशी सकाळी झाली.

"चल," ती म्हणाली. "मला तिच्याशी बोलायचंय. तू नीट ट्रान्सलेट कर, गाळू नकोस."

इल्झे आजी खिडकीपाशी उभी होती. आईने सगळं सांगितलं. फरशी, देऊळ, गर्दीची जागा, बाबा. मी इंग्रजीत सांगत गेले. इल्झे आजीने लक्ष देऊन ऐकलं, मग एकच विचारलं.

"देवळात जाताना तुम्ही चपला काढता ना?"

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे अनवाणी पाय. भक्तांचे. मग ते वेगळं."

मी आईकडे बघितलं. खरंच वेगळं होतं ते. एकीकडे देऊळ, एकीकडे बाजाराचा रस्ता. आईने ओठ हलवले, मराठीत काही जुळेना, इंग्रजीत तर नाहीच. आणि मग तिला जे येत होतं ते तिने केलं. पदर खांद्यावरून पुढे घेतला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि इल्झे आजीच्या पायांना हात लावून नमस्कार केला. बूट होते पायांत, त्या बुटांच्या पुढच्या टोकांवर आईचे हात टेकले. आई सत्तरीची, इल्झे आजी पंच्याऐंशीची. आमच्या लेखी त्यात नवल काहीच नाही, मोठ्या बाईची क्षमा मागायची ती अशीच.

"काय करतेय ती?" इल्झे आजी मागे सरली. "तिला उठव. उठव तिला."

"ती सॉरी म्हणतेय," मी म्हटलं. "आमच्यात असंच म्हणतात."

इल्झे आजी खुर्ची चाचपत बसली. काठावर नाही, मागे टेकून. तिने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग तिने आईचा हात ओढून घेतला, आईचा अंगठा आपल्या उजव्या बुटाच्या टोकावर ठेवला आणि दाबला.

"असं," ती म्हणाली. "बोटीला जायच्या दिवशी. वडील माझ्यासमोर खाली बसले होते, दुकानातल्या त्यांच्या त्या बुटक्या स्टुलावर, आणि असा अंगठा दाबून बघत होते. नवे बूट एक नंबर मोठे दिले होते मला. पुढे कागद कोंबला होता. म्हणाले, मी येईपर्यंत तुझे पाय वाढतील, मग कागद काढून टाकू." तिने आईचा हात तसाच धरून ठेवला. "मला त्यांचा चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो, खरा नाही. खरं एवढंच आठवतं. खाली वाकलेलं डोकं, मध्ये भांग, आणि हा अंगठा. त्यानंतर माझ्या पायांशी कुणी वाकलेलं नाही."

मी भाषांतर करायला लागले तर आईने हाताने थांबवलं. ती रडत होती. मीही रडत होते, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही. इल्झे आजी मात्र उठून चालायला लागली होती, दारापर्यंत आणि परत.

"ते आयुष्यभर तिथेच होते," ती चालता चालता म्हणाली. "लोकांच्या पायांपाशी. सगळं गाव त्यांना वरून बघायचं. त्यांना कधी लाज वाटली नाही, मला का वाटतेय?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने होकार कळवला.

दगड बसवायचा दिवस नेमका आमच्या जाण्याचा निघाला. आईला पोचवायला आणि व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला मी भारतात जाणार होते, दुपारचं विमान. तो शिक्का अडकला, मी मुंबईत दोन महिने अडकले, आणि त्या दोन महिन्यांत इल्झे आजी झोपेतच गेली. सकाळी तिच्या खिडक्या बंद दिसल्या म्हणून मिलिंदने जाऊन दार वाजवलं. म्हणून मी तिला शेवटचं बघितलं ते त्या दिवशी सकाळी, आमच्या हॉलमध्ये, चार बॅगांच्या मध्ये.

तिकडे दुपार होती. शिक्षकाने फोन एका छोट्या स्टँडवर लावून तो फुटपाथवरच ठेवला होता, त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर आम्हाला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत होती. दगड बसला, फटींत वाळू भरली, फडक्याने पुसला. एका मुलीने नाव वाचलं आणि पांढरी फुलं ठेवली. इल्झे आजीने त्यांना दोन वाक्यं जर्मनमध्ये सांगितली. तिच्या तोंडून आकड्यांखेरीज जर्मन मी पहिल्यांदा ऐकत होते. काय म्हणालीस, असं मी विचारलं नाही. मग मुलांचे पाय एकेक करून पडद्यातून निघून गेले. फोन बंद करायचं शिक्षक विसरला असावा, कारण त्याचा बोलण्याचा आवाज कुठूनतरी लांबून येत राहिला. समोर फक्त रस्ता, फुलं आणि तो पिवळा चौकोन.

डावीकडून एक बाई आली. पाय जाडसर, तपकिरी बूट, मागे चाकांची बाजारपिशवी. फुलं तिने बघितली असावीत, ती चुकवायला ती जरा बाजूला झाली, आणि तिचा डावा पाय पूर्ण, टाचेपासून चवड्यापर्यंत, दगडावर पडला. मग उजवा पुढे. पिशवीचं एक चाक वरून गेलं. आईने तोंडावर हात ठेवला. मिलिंद रिमोट शोधायला लागला. मी इल्झे आजीकडे बघायचं टाळत होते.

ती पडद्याजवळ सरकून बसली होती, चष्मा कपाळावर. "डावी टाच बघितलीत तिची?" ती म्हणाली. "बाहेरच्या बाजूने झिजलीय. आणखी महिनाभर अशीच चालली तर गुडघा धरेल. पपांनी तिला जाऊच दिलं नसतं."

डेबीचा फोन वाजत होता. तो तिने घेतला नाही. उजवीकडून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता, आणि ते बूट पडद्यावर येईपर्यंत ती तशीच पुढे वाकून बसली होती.